रिपोर्टातली शेवटची ओळ

जयपूरजवळच्या बगरूचे एक छिपा गृहस्थ एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मैडमजी, मेरा टुकड़ा देखना है."

छिपा म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापणारे. साठीच्या पुढचे, पांढरी मिशी, आणि नखांत निळा रंग असा मुरलेला की तो आता धुतल्यानं जाणार नव्हता. आदल्या आठवड्यात त्यांच्या मोठ्या आतड्यातून दुर्बिणीनं एक गाठ काढली होती. द्राक्षाएवढी, देठावर लोंबणारी. ती माझ्याकडे तपासायला आली होती. पेशी तपासून निदान करणारी डॉक्टर म्हणून मी आयुष्य काढलं, पण रुग्ण माझ्या खोलीपर्यंत येण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच. आम्ही तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला. लोकांना वाटतं रिपोर्ट मशीनमधून बाहेर येतो. तिलक नगरातल्या आमच्या शेजारीणबाई पंधरा वर्षं मला विचारत आल्या, "तुम्ही रक्त काढता ना?" शेवटी मी हो म्हणायला लागले.

मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी निरोगी अस्तर दाखवलं, मग त्यांची गाठ. बराच वेळ ते डोळा लावून बसले. मग म्हणाले, "ठप्पा वही है. हाथ बहक गया है."

हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायला मला एक तास लागत असे. आतड्याच्या आतल्या बाजूचं अस्तर सतत झिजतं आणि दर काही दिवसांनी नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात. नवीन पेशीनं जुनीसारखंच व्हायचं, एवढा एकच नियम. कधी एखाद्या जागी हा नियम सुटतो. पेशी गर्द दिसू लागतात, गर्दी करतात, एकमेकींच्या अंगावर चढतात. पण अजून आपली जागा सोडून खोल शिरलेल्या नसतात. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सरच्या आधीचं घर. अन्ननलिकेत, जठरात, आतड्यात, सगळीकडे हे होऊ शकतं, आणि इथून पुढच्या घरात जायला त्या पेशींना बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत सापडल्या, तर गाठीला दुर्बिणीतून तारेचा फास घालून ती मुळासकट काढता येते. सपाट पट्टा असेल तर तो सोलता येतो, जाळता येतो. मग ठरल्या वेळी पुन्हा बघायचं. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला अडवता येईल अशा जागा शरीरात फार नाहीत. आतडं त्यांतलं एक.

छिपाजींच्या गाठीचा देठ स्वच्छ होता. "कपड़ा बच गया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बच गया." ते हात जोडून गेले.

सगळ्यांचं इतकं सोपं झालं असतं तर हा लेख मी लिहिला नसता. मी ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, ते कुटुंब जयपूरच्या झोटवाड्यात राहतं. त्यांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

एका सोमवारी आमचे पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर राठोड यांचा फोन आला. "मॅडम, तुकड्यांच्या चार बाटल्या पाठवल्यात. मुलगी चोवीस वर्षांची. आतमध्ये किती गाठी आहेत ते विचारू नका, मी मोजणं सोडून दिलं."

मुलीचं नाव पल्लवी गजभिये. शाळेत खेळाची शिक्षिका. काही महिन्यांपासून शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून तिनं मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. मैदानावर मुलींबरोबर धावताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर अर्ध्यावर आलेलं. म्हणून दुर्बीण घातली.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरजींनी काचा तयार करून आणल्या. रामेश्वरजी आमचे तंत्रज्ञ. आलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन निळा-गुलाबी रंग द्यायचा, हे त्यांचं काम. चारही काचांवर तेच दिसलं. बिघडलेल्या पेशी, कॅन्सरच्या आधीच्या. तीन काचांत बिघाड सौम्य, चौथीत पुष्कळ पुढे गेलेला.

मी रिपोर्ट लिहायला घेतला आणि नावापाशी थांबले. गजभिये. जयपूरच्या नोंदवहीत शर्मा, मीणा, सैनी पानापानावर भेटतात. मी अकोल्याची. नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे इथे आले आणि इथलीच झाले. वऱ्हाडातलं आडनाव दिसलं की माझी नजर आपोआप तिथे अडते. आणि हे आडनाव मी याआधी एकदा पाहिलं होतं.

जुन्या नोंदी काढल्या. अकरा वर्षांपूर्वी अशोक गजभिये, वय चव्वेचाळीस, रेल्वेत सिग्नल विभागात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. शस्त्रक्रियेत काढलेला हातभर तुकडा माझ्याकडे आला होता. नोंद वाचताच सगळं आठवलं. तो तुकडा उभा चिरून मी पाण्याखाली धरला होता, आणि आतलं अस्तर कणसावर दाणे असावेत तसं गाठींनी भरलेलं होतं. त्यांतल्याच एकीचा कॅन्सर झाला होता.

असा एक आजार आहे. तो रक्तातून, म्हणजे घराण्यातून येतो. आई किंवा वडील, कुणा एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तशी. येतो तेव्हा शाळकरी वयातच गाठी उगवायला लागतात, शेकड्यांनी, आणि आतडं काढलं नाही तर त्यांतल्या एखादीचा पुढे कॅन्सर होतोच. कुठली, ते कुणी सांगू शकत नाही.

हे मला अकरा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. माझ्या रिपोर्टात शेवटची ओळ होती: असंख्य गाठी आढळल्या, आनुवंशिक आजाराची शक्यता, मुलं व भावंडं यांची तपासणी करावी. इंग्रजीत. सहीच्या वर.

ती ओळ कुणी वाचली नाही. ज्या सर्जननं ऑपरेशन केलं ते त्याच महिन्यात दुसऱ्या शहरात निघून गेले. पुढच्या डॉक्टरांनी रिपोर्टातून आजाराची पायरी तेवढी बघितली आणि औषधं सुरू केली. त्यात त्यांची काही मोठी चूक मी मानत नाही. समोर चव्वेचाळीस वर्षांचा माणूस होता, त्याला वाचवायचं होतं. मी मात्र लिहिताना मनाशी म्हटलं होतं की या घरच्यांना फोन करून सांगायला हवं. करायचा राहिला. कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या आठवड्यात घरी कुणी आजारी नव्हतं, कामाचा डोंगर नव्हता. मी विसरले, इतकंच.

पल्लवीचा रिपोर्ट घेऊन मी स्वतः वर गेले. राठोडांनी तिला आणि तिच्या आईला बोलावलं होतं. मला पाहून ते चकित झाले. "मराठी आहेत," मी म्हटलं, "मी बोलते." खरं कारण सांगायला जमलं नाही.

आईचं नाव सुमनबाई. नवरा गेल्यावर रेल्वेनं त्यांना त्यांच्या जागी घेतलं होतं, कार्यालयात कागदपत्रं पोचवायच्या कामावर. ऑफिसची साडी नीट पिन लावलेली, पाठ ताठ. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. मी मराठीत बोलायला लागल्याबरोबर त्यांचे खांदे थोडे सैल झाले.

पल्लवीनं सरळ विचारलं, "मॅडम, कॅन्सर आहे का नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"या चार तुकड्यांत नाही."

"मतलब बाकी गाठींमध्ये असू शकतो?"

"असू शकतो. आज नसला तर पुढे होईल. एखाददुसरी गाठ असती तर दुर्बिणीनं काढली असती. शेकड्यांनी गाठी कशा काढायच्या? सगळं मोठं आतडंच काढावं लागेल."

ती हसली. खरोखर हसली. "मॅडम, मी रोज पाच किलोमीटर धावते. मला काही होत नाही, बस थोडी कमजोरी आहे. कॅन्सर नाही, मग कापायचं का?"

सुमनबाई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, हिच्या पप्पांचंही आतड्याचंच होतं. कागद आणलेत मी सगळे." आणि त्यांनी पिशवीतून फाईल काढली. अकरा वर्षांत एका कागदाला सुरकुती पडू दिली नव्हती. माझा रिपोर्ट वरच होता, माझ्या सहीचा.

मी तो हातात घेतला. राठोड माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सुमनबाई, हा कागद मी लिहिलाय. यात शेवटी एक ओळ आहे. तुम्हाला कुणी वाचून दाखवली होती का?"

"नाही. काय आहे त्यात?"

मी मराठीत वाचून दाखवली.

त्यांनी कागद परत घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बघत राहिल्या. जणू बघता बघता ती त्यांना वाचता येईल. मग म्हणाल्या, "भावंडं म्हणजे भाऊपण?"

"हो."

"ह्यांचे धाकटे भाऊ बडनेऱ्याला होते. विलास भाऊजी. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. पोटाचंच म्हणाले. बेचाळीस वर्षांचे होते."

हे मी कल्पनेतही आणलं नव्हतं. अशोकरावांसाठी त्या ओळीचा काही उपयोग नव्हता, पल्लवी वेळेत सापडली होती, असा हिशेब मी जिना चढताना मनात करून आले होते. विलास या माणसाचं नाव मला आत्ता कळत होतं, आणि तो पाच वर्षांपूर्वी गेला होता.

सुमनबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांची दोन लेकरं आहेत. आणि माझा निखिल आहे, एकोणीसचा. त्याचं पण बघावं लागेल ना?" एवढं विचारून त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत ठेवली, आणि पिशवीची गाठ बांधताना त्यांच्या बोटांना ती जमेना. पल्लवीनं बांधून दिली.

पल्लवीनं तीन आठवडे होकार दिला नाही. राठोडांनी समजावलं, सर्जननं चित्र काढून समजावलं. मोठं आतडं काढायचं, लहान आतड्याचं टोक खाली गुदाशयाला जोडायचं, तिथे थोड्या गाठी आहेत त्या दुर्बिणीनं काढायच्या आणि दर वर्षी तो भाग तपासत राहायचा. शौचासाठी बाहेर पिशवी लागणार नाही. ती सगळं ऐकायची आणि म्हणायची, सोचून सांगते. आजारी माणसाला ऑपरेशनला तयार करणं सोपं असतं, दुखणंच त्याला ढकलतं. हिला काही दुखत नव्हतं. रक्तवाढीच्या औषधांनी ती पुन्हा धावायला लागली होती.

मग एका दुपारी ती एकटीच माझ्या खोलीत आली. ट्रॅकसूट, गळ्यात शिटी. शाळेतून थेट आली होती.

"मॅडम, तुमच्याकडे पप्पांची काच आहे?"

होती. काचा आणि मेणाच्या वड्या आम्ही जपून ठेवतो. रामेश्वरजींनी कपाटातून धुळीचा खोका काढला आणि शोधून दिली. अकरा वर्षांत रंग थोडे फिके झाले होते. दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे, त्यावर मी काच लावली. तिनं डोळे टेकवले आणि काही दिसण्याआधीच म्हणाली, "हे पप्पा आहेत?"

"त्यांच्या आतड्याचा काप आहे."

"मतलब पप्पाच."

मी हो म्हटलं. ती तेरा वर्षांची होती ते गेले तेव्हा.

काचेच्या एका कडेला एक लहान गाठ होती. मी तिथून सुरुवात केली. "हे बघ, या पेशी. गर्द झाल्यात, गर्दी केलीय, पण खालची रेघ कुठेही तुटलेली नाही. तुझ्या चार काचांत हेच आहे. अगदी हेच."

"आणि पुढे?"

मी काच हळूहळू सरकवत नेली. काचेवरच्या कापाची लांबी ती केवढी, बोटाच्या पेराएवढी. त्या प्रवासात पेशी बिघडत गेल्या, रेघ अस्पष्ट झाली, मग तुटली, आणि मग त्या झुंडीनं खाली स्नायूत उतरलेल्या दिसल्या. "हा कॅन्सर," मी म्हटलं.

ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "परत पहिल्या जागी न्या."

मी नेली.

"मी इथे आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि पप्पा इथे होते, तेव्हा त्यांना काही दुखत होतं?"

"नसणार. या जागी कुणालाच दुखत नाही."

तिनं डोळे काढले. नळावर तोंड धुतलं. रामेश्वरजी, जे तीस वर्षांत काचेविषयी सोडून कशाविषयी बोलले नाहीत, त्यांनी तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत करता येईल का? मुलींच्या मॅचेस आहेत तोवर."

ऑपरेशन सुट्टीत झालं. काढलेलं आतडं माझ्याच टेबलावर आलं.

या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते कुणाला दिसत नाही. आतडं उभं चिरून, धुऊन, बोर्डावर टाचण्यांनी ताणून औषधाच्या पाण्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं. मग बोटांनी इंचाइंचानं चाचपायचं. मोठी गाठ, कडक गाठ, खड्डा पडलेली गाठ, प्रत्येकीचा तुकडा घ्यायचा. एखादी सुटली आणि तिच्यातच कॅन्सर असला, तर मुलगी निश्चिंत होऊन घरी जाणार आणि पुढची औषधं तिला मिळणारच नाहीत. एरवी मी आठ-दहा तुकडे घेतले असते. त्या वेळी साठाच्या वर घेतले. रामेश्वरजींनी एकदाही विचारलं नाही की इतके कशाला.

तीन दिवस काचा बघत होते. चौथ्या काचेपासून बिघाड पुढे गेलेल्या गाठी सापडत गेल्या, एक, दोन, पाच. एकीत रेघ तुटल्यासारखी वाटली. रामेश्वरजींना त्या वडीचे आणखी खोल काप काढायला सांगितले. त्यांनी वीस काढले. विसांतही रेघ अखंड होती, पहिल्या कापात तुकडा तिरका बसला होता इतकंच. तरी मी ती काच आमच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, काही न सांगता. त्यांनीही तेच म्हटलं.

कॅन्सर कुठेही नव्हता. रिपोर्टावर सही केली आणि कागद हातात घेऊन वॉर्डात गेले. पल्लवी उशीला टेकून बसली होती, नाकात नळी, ओठ सुकलेले. मी सांगितल्यावर सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पल्लवी म्हणाली, "मतलब मी उगाच कापून घेतलं?"

चिडून म्हणाली. मला ते लागलं, पण तिचा राग खोटा नव्हता. पुढचे सहा महिने तिनं फार सोसलं. दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागायचं. वजन उतरलं. शाळेनं मैदानावरून काढून ग्रंथालयात बसवलं. एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालली होती, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, मी तुमच्याकडे आले तेव्हा ठीक होते. आजारी तुम्ही केलं." टाळलेल्या आजाराचं हेच आहे. तो आलाच नाही, त्यामुळे तो टळला हे कुणाला दिसत नाही. जे गेलं ते मात्र रोज दिसतं. मी तिला काही समजावलं नाही. हळूहळू लहान आतड्यानं काम शिकून घेतलं, दहाचे चार झाले, आणि पुढच्या हिवाळ्यात ती शिटी घेऊन पुन्हा मैदानात उभी राहिली.

दरम्यान तिच्या रक्तात तो दोष नेमका कुठे आहे हे कळलं होतं, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांना आधी फक्त रक्त देऊन बघता येणार होतं. निखिलनं आज-उद्या करत चार महिने काढले. शेवटी आईनं हाताला धरून नेलं. रिपोर्ट आला त्या रविवारी तो तिलक नगरला आमच्या घरी आला. दारातच उभा, आत येईना.

"मॅडम, माझ्यात नाही निघालं."

"अरे, मग तोंड असं का केलंयस?"

"दीदीला तुम्ही सांगाल?" तो म्हणाला. "मला नाही जमणार. दोघांमध्ये एकालाच... आणि तिलाच."

मी म्हटलं, "हे मी सांगणार नाही. हे तूच सांग."

पुढचं मला सुमनबाईंनी सांगितलं. तो स्वयंपाकघराच्या दारात कागद घेऊन उभा राहिला. पल्लवीनं कागद ओढून घेतला, वाचला, आणि त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. "पागल," ती म्हणाली, "यासाठी मी आठ दिवस झोपले नाही." आणि मग तीच रडायला लागली.

राहिलं बडनेरा. विलासरावांच्या पत्नी, पल्लवीच्या काकू, फोनवर विषय निघाला की दुसरं काही बोलायच्या. सुमनबाईंना रजा मिळेना. पल्लवी म्हणाली, मी जाते. तिचं मराठी घरच्यापुरतं, हिंदीच्या आधारानं चालणारं. मी विचारलं, "मी येऊ?" मी नुकतीच निवृत्त झाले होते. पण ते कारण नव्हतं.

बडनेऱ्याचं घर दोन खोल्यांचं, पुढे तुळस नाही, कण्हेरीची झाडं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी विलासरावांचा फोटो. अशोकरावांचा मी कधी चेहरा पाहिलेला नव्हता, आता भावाचा पाहिला. दोन्ही मुलं घरी होती, सोळा वर्षांची रुचा आणि बारा वर्षांचा साहिल. काकूंनी पोहे केले. पल्लवीनं बोलायला सुरुवात केली तशी त्या म्हणाल्या, "आमची पोरं ठणठणीत हायेत, बाई. कायले त्याइच्या मागं दवाखाना लावता?"

पल्लवी म्हणाली, "काकू, हे जे असतं ना, ते... मतलब, दिसत नाही..." ती थांबली. मग तिनं कुडता बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवला, बेंबीच्या वरपासून खाली गेलेला. "काकू, मी पण ठणठणीत होते."

काकूंनी तो व्रण पाहिला. रुचानंही पाहिला. काकू हात पुढे करून त्याला बोट लावणार होत्या, पण लावलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् ह्या कोन?"

पल्लवी म्हणाली, "पप्पांचा रिपोर्ट यांनी लिहिला होता."

काकूंना लगेच उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "तवाच मालूम होतं तुमाले? भाऊजी गेले तवा?"

"हो."

"मंग आमाले तवाच काऊन नाई सांगतलं? हे तर सहा वर्सं जिते होते त्याच्यानंतर."

जयपूरला राहून माझी वऱ्हाडी केव्हाच गेली होती. नवऱ्याशीसुद्धा मी ती बोलत नाही. पण त्या क्षणी दुसरी कुठली भाषा तोंडात आलीच नाही. "लिवलं होतं, बाई," मी म्हटलं. "पन सांगतलं नाई. चुकलं माझं."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. साहिल आमच्याकडे बघत होता, रुचा जमिनीकडे. मला वाटलं, आता आपण निघावं. पल्लवीनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बसवून ठेवलं.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही मुलांची आधार कार्डं होती. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजवर म्हणालेल्या नाहीत. पल्लवीच्या समोर कार्डं ठेवून त्यांनी विचारलं, "अगोदर कोनाचं रक्त घेतात? लहान्याचं का मोठीचं?"

साहिलमध्ये दोष नाही. रुचामध्ये आहे. तिच्या आतड्यात सध्या लहान लहान गाठी आहेत, बिघाड सौम्य आहे, आणि तिचं ऑपरेशन बारावी झाल्यावर करायचं ठरलंय. तोवर दर वर्षी तपासणी. ती जयपूरला येते, पल्लवीकडे उतरते. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषध पिताना ती रडकुंडीला येते, आणि पल्लवी तिच्यासमोर बसून शिटी वाजवून तिला एकेक ग्लास संपवायला लावते.